मान बसवण्याआधी

भूपालकाका पाटावर मांडी घालून बसले, खांद्यावरचा पंचा बाजूला टाकला आणि भिंतीकडं तोंड करून म्हणाले, "हं, घाल हात. बघू तरी बाईमाणसाची मान मोडायची तऱ्हा."

घराच्या पुढच्या सोप्यात बसलेली वीस-पंचवीस माणसं हसली. मीही हसले, कारण दुसरं काही सुचेना. माझे हात तेलानं माखलेले होते. खंडेनवमीची सकाळ होती. चौरंगावर बांबूच्या कामट्या, कापडी पट्ट्यांच्या गुंडाळ्या आणि तेलाची पितळी वाटी पूजेला मांडली होती. झेंडूची फुलं वाहून झाली होती, नारळ फुटला होता, आणि आता सगळे माझी वाट बघत होते.

आमचं घर हाडवैद्यांचं. शिरोळ तालुक्यातलं नदीकाठचं गाव. माझे सासरे बाबगोंडा पाटील, सारा भाग त्यांना आण्णा म्हणायचा. कर्नाटकातनं माणसं बैलगाडीत घालून आणलेली मी स्वतः बघितली आहेत, आणि ती चालत परत गेलेलीही बघितली आहेत. आण्णांना एकच मुलगा, म्हणजे आमचे हे, सुकुमार. त्यांना कुत्र्याच्या पिल्लाचा मोडका पाय बघितला तरी घेरी यायची. ते साखर कारखान्यात वजनकाट्यावर लागले आणि त्यांच्या वाट्याची विद्या माझ्याकडं आली. कामट्या धरून दे, पट्टी गुंडाळ, असं करता करता एका दिवशी आण्णांनी एका पोराचं मनगट माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "तूच बसव." ते बसलं. मग अकरा वर्षं मी मनगटं, घोटे, खांदे बसवत होते. मानेला मात्र हात लावायचा नव्हता.

कारण आमच्या घरची रीत. शिष्याला मान शेवटी द्यायची, आणि तीही खंडेनवमीला, पूजेनंतर, चारचौघांच्या देखत. 'कट्' असा आवाज सगळ्यांना ऐकू गेला की म्हातारा वैद्य खांबाजवळच्या आपल्या जागेवरनं उठतो आणि तिथं शिष्याला बसवतो. बाई त्या जागेवर बसणार म्हटल्यावर भावकीत कुजबुज सुरू झाली होती. सगळ्यांत मोठा आवाज भूपालकाकांचा, आण्णांच्या चुलतभावाचा. दूध संस्थेचे चेअरमन, पन्नाशीचे, धिप्पाड. "परक्या गड्यांच्या गळ्याला घरची सून हात लावणार, हे बरं दिसंल का दादा?" असं ते आण्णांना तोंडावर म्हणाले. शेवटी ठरलं ते असं : राजमतीला, म्हणजे मला, एक संधी. हात कचरला तर आण्णांनी कामट्या नदीत सोडायच्या आणि घरातली वैद्यकी बंद करायची. आण्णा ब्याऐंशीचे होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. पुढच्या खंडेनवमीची वाट बघायला त्यांच्याकडं सवड नव्हती, आणि त्यांच्यानंतर मला विचारणार कोण?

पहिली मान कुणाची, हा प्रश्न सोडवायला भूपालकाकाच पुढं आले. त्यांची मान खरोखरच धरली होती. दसऱ्याच्या आधी त्यांनी घराची रंगसफेदी काढली होती. गडी मिळेना म्हणून दोन दिवस स्वतःच छताला चुना मारत होते, डोकं मागं टाकून. "दुखती तर हायच. मोडली तर गुण, न्हाई मोडली तर निकाल," असं त्यांनीच गावाला सांगितलं होतं. माणूस हट्टी खरा, पण स्वतःची मान पुढं करणारा होता.

आणि मी त्यांच्या पाठीमागं गुडघे टेकून बसले होते आणि माझ्या डोक्यात तिसऱ्याच बाईचा आवाज घुमत होता.

त्याचं असं झालं. श्रावणात तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातनं आण्णांना पत्र आलं होतं. मान आणि पाठ हातानं बसवणाऱ्या सगळ्यांसाठी तीन रविवारचं प्रशिक्षण, शिकवायला एक डॉक्टरीणबाई. आण्णांनी ते माझ्याकडनं वाचून घेतलं आणि म्हणाले, "मी साठ वर्षं हाडं बसवतोय. मला शिकवणारी ही कोण? तू जा. दुपारचं जेवाण हाय म्हणं."

म्हणून मी गेले. हॉलमध्ये तीस पुरुष आणि मी एकटी बाई. आमच्यासारखे पाच-सहा हाडवैद्य, तालमीतले दोन मालिशवाले, दाढी झाल्यावर मान मोडून देणारे न्हावी, आणि सांगलीचा एक कायरोप्रॅक्टर, म्हणजे इंग्रजी पद्धतीनं मणके बसवणारा. पांढरा कोट घालून तो पहिल्या रांगेत बसला होता. बाकीच्यांकडं तो असा बघत होता की जणू आम्ही त्याच्या लग्नात बिनआमंत्रणाचे घुसलो होतो. शिकवायला मेंदूच्या डॉक्टर, शबाना इनामदार. बाई उंचीनं एवढीशी, पण आवाज असा की माईकची गरज नाही.

"तुम्हाला चुकीचं काम करता असं सांगायला मी आले नाही," त्या सुरुवातीलाच म्हणाल्या. "मी एकच गोष्ट सांगणार आहे. मानेतनं मेंदूकडं रक्त नेणाऱ्या चार मोठ्या शिरा जातात. कधी झटक्यानं, कधी जोरात खोकल्यानं, कधी मान फार वेळ मागं टाकल्यानं त्यातल्या एखादीचं आतलं अस्तर फाटतं. त्या माणसाला पहिल्यांदा काय होतं? पक्षाघात नाही. पहिल्यांदा त्याची मान दुखते. आणि मान दुखली तर तो कुणाकडं जाईल? माझ्याकडं? माझ्याकडं तो दोन दिवसांनी येतो, स्ट्रेचरवरनं. आधी तो तुमच्याकडं येतो. तुम्ही त्याला माझ्या दोन दिवस आधी भेटलेले असता."

मग कोटवाल्यानं हात वर केला. "म्हणजे मॅडम, आम्ही मान मोडायचीच नाही का?"

"शंका आली तर नाही."

"शंका कशी येणार?"

"तोंड उघडून. हात लावायच्या आधी विचारायचं."

मागच्या रांगेतला एक न्हावी म्हणाला, "बाई, आमच्याकडं गिऱ्हाईक खुर्चीत बसल्या बसल्या झोपतंय. इचारू कुणाला?" सगळे हसले. बाईंनाही हसू आलं.

मग त्यांनी आम्हाला प्रश्न पाठ करायला लावले. कधीपासून दुखतंय, असं आयुष्यात आधी कधी दुखलं होतं का, डोकं दुखतं का, गरगरतं का, एकाचे दोन दिसतात का, गिळताना अडकतं का, चेहरा बधिर वाटतो का, घरात रक्ताच्या नात्यात कुणाला पक्षाघात झालाय का. आम्ही शाळेतल्या पाढ्यांसारखे ते म्हटले. पण मला खरं लागलं ते त्यांचं शेवटच्या रविवारचं बोलणं. "तुम्ही सगळे पाठीमागून काम करता," त्या म्हणाल्या. "पाठीमागून माणूस कळत नाही. एकदा समोर जा आणि तोंड बघा." आणि त्यांनी भिंतीवर एक फोटो दाखवला. साधा माणूस. फक्त एका डोळ्याची पापणी थोडी उतरलेली आणि त्याच डोळ्यातली बाहुली बारीक. "बाकी याला काहीच होत नव्हतं. चालत होता, बोलत होता, चहा पीत होता. हे दिसलं आणि त्याच बाजूची मान दुखत असेल, तर हात मागं घ्या आणि गाडी बोलवा."

घरी येऊन मी हे आण्णांना सांगितलं, तर त्यांनी एवढंच विचारलं, "जेवाण काय हुतं?"

आण्णांचा नेम उलटा होता. रोगी नेहमी भिंतीकडं तोंड करून, वैद्य पाठीमागं, आणि वैद्यानं काही विचारायचं नाही. विचारणं म्हणजे हाताला कळत नाही अशी कबुली. आणि तोंड तर बघायचंच नाही. "तोंड बघितलं की माया येती. माया आली की हात भितो," असं ते म्हणायचे. मोडलेलं हाड ओढताना माणूस कसा कळवळतो हे ज्यानं बघितलंय त्याला यातला शहाणपणा कळेल.

तर मी भूपालकाकांच्या पाठीमागं होते. एक हात हनुवटीखाली, एक कानामागं. तिथनं पुढं फक्त एक झटका होता. माझी अकरा वर्षं त्या झटक्यावर येऊन थांबली होती.

माझ्या तोंडातनं निघून गेलं, "काका, कधीपासून दुखतंय?"

सोप्यात सगळे माझ्याकडं बघायला लागले. काका भिंतीला म्हणाले, "चार दिस झालं. का?"

"आधी असं कधी दुखलं होतं?"

"जन्मात न्हाई. डाव्या बाजूनं पार डोळ्याच्या मागं जातंय. अगं, इच्यारतीस काय? हात लाव की!"

"राजमती," खांबाजवळनं आण्णांचा आवाज आला. तेवढाच. पण त्यात सगळं होतं.

मी हात काढले, उठले, आणि पाट ओलांडून भूपालकाका आणि भिंत यांच्या मधल्या दीड हात जागेत जाऊन बसले. आमच्या घरात त्या जागेवर कधी कुणी वैद्य बसला नव्हता. मला तर तिथं बसल्यावर भिंतीला पोपडे आलेले पहिल्यांदा दिसले.

काकांची डावी पापणी उतरली होती. फार नाही, झोपेतनं अर्धवट उठल्यावर असते तेवढी. सोप्यात उजेड कमी होता, म्हणून उजव्या डोळ्यातली बाहुली चांगली मोठी झाली होती. डावी मोहरीएवढी होती.

"डोळ्याला काय झालंय?" मी विचारलं.

"चुना पडलाय," दारातनं त्यांच्या बायकोनं, शांताकाकूंनी सांगितलं. "परवापास्नं तसाच हाय. मी गुलाबपाणी घालतीया."

चुना पडलेला डोळा लाल होतो, झोंबतो, गळतो. हा डोळा पांढरा स्वच्छ होता. मी काकांना हसायला सांगितलं, ते चिडून हसले. दोन्ही हात वर करायला सांगितलं, केले. बोलणं तर खणखणीत होतंच. म्हणजे बाकी काहीच नव्हतं. एक पापणी आणि एक बाहुली, तीही मी फोटोत एकदा बघितलेली. मी बरोबर असले तर हा माणूस मरणाच्या दारात बसला होता, आणि चूक असले तर मी भर सभेत घरची वैद्यकी बुडवत होते. नक्की काय ते सांगणारं तिथं कुणी नव्हतं.

"मी या मानेला हात लावणार नाही," मी म्हणाले. "काकांना आत्ताच्या आत्ता मिरजेच्या दवाखान्यात न्यायला पाहिजे."

मग मागनं कुणीतरी म्हणालं, "भ्याली!" आणि मग सगळेच बोलायला लागले. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं, असंही कुणीसं म्हणालं, आणि ते मला उद्देशून होतं.

भूपालकाका मला जवळनं बघत होते. त्यांचा राग गेला होता, त्या जागी समाधान आलं होतं. "मी म्हणालो हुतो का न्हाई, दादा? उठा आता. तुमीच मोडा. मला दूध संस्थेत जायाचं हाय."

आण्णा काठी टेकत उठले. "सर बाजूला," मला म्हणाले.

"आण्णा, समोर या. त्यांचा डोळा बघा एकदा."

"मला काय दिसणार हाय?"

ते खरंच होतं. ते काकांच्या पाठीमागं बसले, हात पंच्याला पुसले. सासऱ्यांचा हात धरायची हिंमत आमच्या पिढीत नव्हती. आणि मग मला सुचलं. माझं शहाणपण म्हणून नव्हे, अगतिक झाले म्हणून सुचलं.

"आण्णा, मोडू नका. नुसतं चाचपून बघा. हाड सरकलंय का, एवढंच सांगा. तुम्ही सरकलंय म्हणाला तर मी गप्प बसते, जन्मभर."

आण्णांनी माझ्याकडं मान वळवली. मग त्यांनी दोन्ही अंगठे काकांच्या मानेच्या बुडाला ठेवले आणि हळूहळू वर सरकवले. मणक्यामागनं मणका. हात नेहमी थरथरायचा, मानेवर गेल्यावर थरथरत नव्हता. एकदा वर गेले, परत खाली आले. सगळे आवाज आपोआप बंद झाले, कारण आण्णांचे हात चालू असताना त्या सोप्यात कुणी बोलत नसे.

"हाड जागेवर हाय," ते म्हणाले.

"मग मोडा की, दादा!" भूपालकाका म्हणाले. "जरा मोकळं वाटंल."

आण्णांचे अंगठे होते तिथंच थांबले. मला वाटलं, आता झटका देतात. लोकांना आवाज हवा होता, काकांना हवा होता, आणि आण्णांच्या हाताला तो काढणं म्हणजे शेंगा फोडण्याइतकं सोपं. पण त्यांनी हात काढून मांडीवर ठेवले.

"जागेवरच्या हाडाला मी हात घालत न्हाई," ते म्हणाले. "सुकुमार, गाडी काढ. मिरजेला घिऊन जा ह्येला."

भूपालकाकांनी आकांडतांडव केलं, पण आण्णांचा शब्द मोडायची त्यांचीही ताकद नव्हती. मी शेजारच्या घरातनं इनामदार बाईंना फोन केला. त्यांनी दोन वाक्यांत सगळं विचारून घेतलं आणि म्हणाल्या, "मानेला कुणाला हात लावू देऊ नका. निघा."

दवाखान्यात बाकावर वाट बघताना काकांच्या उजव्या हातातनं चहाचा कप गळून पडला. ते शांताकाकूंना काहीतरी सांगायला गेले आणि शब्द फुटेना. वीस मिनिटं. त्या वीस मिनिटांत शांताकाकूंनी माझा दंड इतका घट्ट धरून ठेवला होता की आठवडाभर तिथं बोटांचे वळ होते. मग तपासणी झाली, डाव्या बाजूची शीर फाटलेली निघाली, रक्त पातळ करायची औषधं सुरू झाली, आणि हळूहळू काकांचा हात आणि जीभ परत आली. इनामदार बाई मला नंतर म्हणाल्या, "झटका बसला असता तर काय झालं असतं ते मला सांगता येत नाही. नसतंही झालं काही. पण मला ते बघायचं नव्हतं."

काका बारा दिवसांनी घरी आले. मला वाटलं होतं, निदान चहाला तरी बोलावतील. कसलं काय! गरज सरो, वैद्य मरो. "मला कुटं काय झालं हुतं?" ते दूध संस्थेच्या कट्ट्यावर सांगायचे. "कप निसटला हातातनं. तेवढ्यावर डाक्तरांनी गोळ्या चिकटवल्या सहा महिन्याच्या." आणि गावानं त्यातनं घ्यायचं ते घेतलं : राजमतीला मान येत नाही, ती मिरजेला पाठवते. माझ्याकडं येणारे पाय कमी झाले. घोटा मुरगळलेली माणसंसुद्धा चार मैलांवरच्या दुसऱ्या वैद्याकडं जायला लागली.

पण मला खरा डंख वेगळाच होता. आण्णा माझ्याशी बोलत नव्हते. म्हणजे, पाणी दे, काठी कुठाय, एवढं बोलायचे. त्या सकाळबद्दल एक अक्षर नाही. कामट्या नदीत सोडल्या नाहीत, आणि खांबाजवळची जागा मला दिलीही नाही. ते रोज तिथंच बसायचे, दाराकडं तोंड करून, आणि मला कळेना की त्यांना माझा राग आलाय की माझी लाज वाटतेय. मी भाकऱ्या थापता थापता रडायचे. ह्यांना विचारलं तर हे म्हणाले, "आण्णांच्या मनातलं आईला ठाऊक असायचं, मला न्हाई."

दिवाळीनंतरच्या रविवारी बाजार होता. बाजारचा दिवस म्हणून सात-आठ माणसं सोप्यात आली होती. मी एका म्हातारीच्या मनगटाला पट्टी बांधत होते. तेवढ्यात आण्णा खांबाजवळनं उठले, कोपऱ्यातला पाट स्वतः ओढत मध्यभागी आणला आणि त्यावर बसले. भिंतीकडं पाठ करून. माझ्याकडं तोंड करून.

"माजी मान दुखालीया," ते म्हणाले. "बघ."

मला काय करावं कळेना. "आण्णा—"

"तुज्या त्या डाक्तरणीनं शिकवलंय तसं बघ. इच्यार आधी. वहीत लिहून घेतीस न्हवं? घे वही."

त्या सकाळनंतर मी प्रत्येक रोग्याची उत्तरं एका वहीत उतरवत होते, ती घेतली. माणसं सरकून जवळ बसली. आण्णा रोगी म्हणून बसलेत हे बघायला मिळणार म्हटल्यावर बाजार कुठं पळत होता?

"नाव?" मी म्हणाले, आणि सगळे हसले.

"बाबगोंडा सातगोंडा पाटील. वय ब्याऐंशी. फुडं?"

"कधीपासून दुखतंय?"

"लई दिस."

"असं आधी कधी दुखलं होतं?"

"ह्येच दुखणं हाय. नवं न्हाई."

"एकाचे दोन दिसतात का?"

"मला एकाचं अर्धं दिसतंय," ते म्हणाले, आणि सोप्यात पुन्हा हशा झाला. मलाही हसू आलं. किती दिवसांनी आण्णा माझी थट्टा करत होते!

"रक्ताच्या नात्यात कुणाला पक्षाघात झालाय का? वारं गेलंय?"

मी पेन धरून वाट बघत राहिले.

"आईला न्हाई," ते म्हणाले. "बापाला न्हाई. तुज्या सासूला."

सासूबाईंना मी पाहिलेलं नाही. माझ्या लग्नाआधी दोन वर्षं त्या गेल्या. वारं गेलं, एवढंच घरात सांगायचे, आणि पुढं कुणी काही विचारायचं नाही.

"आण्णा, सासूबाई रक्ताच्या नात्यातल्या नव्हेत," मी हळूच म्हणाले. "त्यांचं यात धरायचं नसतं."

"लिही."

मी त्यांच्याकडं बघत राहिले.

"चार दिस मान दुखत हुती तिची," आण्णा म्हणाले. आवाज नेहमीसारखाच होता, कुणाला बाजारातनं मीठ आणायला सांगावं तसा. "मी मागं बसलो. हाताला कळलं, हाड जागेवर हाय. ती म्हणाली, मोडा की, जरा मोकळं वाटंल. मोडली. आवाज चांगला आला. दुसऱ्या दिवशी चुलीफुडं पडली ती उठली न्हाई."

माझ्या मांडीवर म्हातारीचं मनगट तसंच राहिलं होतं, तिनंच ते हळूच काढून घेतलं. आमचे हे दारात उभे होते. आपल्या आईचं त्यांनाही त्या दिवशी, त्या सगळ्यांबरोबरच कळलं. ते उंबऱ्यावर खाली बसले.

"आण्णा," मी म्हणाले, "त्यांची शीर आधीच फाटलेली असेल. म्हणून तर दुखत असेल. इनामदार बाई म्हणाल्या होत्या, झटक्यानंच झालं असं कुणालाच—"

"आसंल," आण्णा म्हणाले. "मी मारली असं मी म्हणत न्हाई. मी समोर जाऊन तिचं तोंड बघितलं न्हाई. तेवढं लिही."

मी लिहिलं. रक्ताच्या नात्यापुढच्या जागेत सासूबाईंचं नाव लिहिलं, अक्काताई, आणि त्याखाली ते म्हणाले तेच. अक्षर वेडंवाकडं आलं. डोळ्यांतलं पाणी पुसायला हात मोकळा नव्हता, तेल लागलेलं होतं.

"फुडचं इच्यार," ते म्हणाले.

पुढचे प्रश्न मी विचारले. गिळताना अडकतं का, औषधं कुठली चालू आहेत. त्यांनी एकेकाचं नीट उत्तर दिलं. मग मी जवळ सरकून त्यांची दोन्ही बुबुळं बघितली, हसायला सांगितलं, हात वर करायला सांगितलं. त्यांनी शाळेतल्या पोरासारखं सगळं केलं. शेवटी मी वही मिटली.

"आण्णा, तुमचं वय झालंय. तुमची मान मी मोडणार नाही," मी म्हणाले. "तेल लावून शेकून देते."

मला वाटलं, ते चिडतील. ते चिडले नाहीत. किती तरी वेळ माझ्या तोंडाकडं बघत राहिले, त्यांना दिसत होतं तेवढं.

"मग तिथं खाली बसून कशाला लावतीस?" ते म्हणाले. "माज्या जागेवर बस आनि लाव."

मी उठले आणि खांबाजवळ जाऊन बसले. आण्णा पाटासकट माझ्याकडं वळले.